डाव्या हाताची रदवा

माझ्या तोंडात शेवटचे तीनच दात उरले होते, त्या साली रदवा एकवीस वर्षांची होती आणि दाताच्या डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. मला क्लबाच्या फाटकावर बसून तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. अलेक्झांड्रियातल्या आमच्या क्लबात टेनिसवाले आहेत, पोहणारे आहेत, नुसत्या खुर्च्या टाकून चहा पिणारे तर ढिगानं आहेत. तलवारबाजीचा हॉल सगळ्यात मागे, तलावाच्या पलीकडे. तिकडे जाणारी माणसं मोजकी, म्हणून ती सगळी मला नावानिशी माहीत.

रदवा पहिल्यांदा आली ती नऊ वर्षांची असताना, बापाचं बोट धरून. बाप सोब्ही, गणिताचा मास्तर. फाटकाशी थांबून मला म्हणाला, "अम्म, ही पोरगी घरात काठी घेऊन भावाच्या मागे धावते. हिला कुठल्या हॉलमध्ये सोडू?" अम्म म्हणजे काका. क्लबाच्या अध्यक्षापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांचा मी अम्म शहाता. मी मागच्या हॉलकडे बोट दाखवलं. काठी तिच्या डाव्या हातात होती, हे कॅप्टन वगीहनं त्याच दिवशी हेरलं. कॅप्टन म्हणजे तिथले प्रशिक्षक. मला म्हणाले, "डावखुरी आहे. समोरच्याला हिची तलवार भलत्याच बाजूनं येताना दिसणार. देवानं अर्धं काम करूनच पाठवलंय."

तेव्हा तिच्या वयाच्या चौदा मुली होत्या. फाटकातून आत शिरताना चिमण्यांचा थवा शिरल्यासारखा कलकलाट. मग बारावीची परीक्षा आली. त्या परीक्षेच्या वर्षी आमच्याकडे घरोघरी संचारबंदी लागल्यासारखं असतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, खेळ तर बंदच बंद. एकेक मुलगी गळत गेली. परीक्षा संपल्यावर एकटी रदवा परत आली. खांद्याला तलवारींची लांब पिशवी आणि हातात डेंटल कॉलेजचा प्रवेशाचा कागद. "अम्म, बाकीच्या कुठायत?" तिनं विचारलं. म्हटलं, "येतील." कुणी आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तिची आई धाकट्याला घेऊन कुवेतला गेली. सोब्ही तिथे आधीपासूनच नोकरीला होता. रदवा कॉलेजसाठी आणि तलवारीसाठी मागे राहिली, सिदी बिश्रच्या फ्लॅटमध्ये. वरच्या मजल्यावर मावशी होती, तिचं घर तिच्याच चार पोरांनी भरलेलं. आई रोज फोन करायची. पण फोनवरून कुणी दुखऱ्या खांद्याला तेल लावून देत नाही.

तिचा दिवस मला पाठ होता. सकाळी कॉलेज, तीनला ती क्लबात यायची. हॉल पाचला उघडायचा. मधले दोन तास फाटकालगतच्या माझ्या खोलीत, खिडकीपाशी, पुस्तक मांडीवर. पाच ते आठ हॉलमध्ये. तिथे एक तर तिच्याहून निम्म्या वयाची मुलं, नाही तर पोक्त बाप्ये. देशाच्या संघातल्या मुली सगळ्या कैरोच्या. म्हणून दर गुरुवारी ती सिदी गाबर स्टेशनवरून कैरोची गाडी पकडायची आणि शनिवारी परत. गाडीतही पुस्तक मांडीवर. ज्या दिवशी कुणी जोडीदार नसेल त्या दिवशी कॅप्टन छताला कातड्याचा चेंडू टांगून द्यायचे. मी मागच्या बाजूला फेरी मारायला गेलो की दिसायची: जाळीचा मुखवटा घालून एकटी, पुढे, मागे, पुढे, आणि टोक चेंडूवर. खाट. पुन्हा खाट.

एकदा मला म्हणाली, "कॉलेजात मी 'ती तलवारवाली' आणि इथे 'ती दातवाली'. नाव कुणालाच नको असतं."

म्हटलं, "मी रदवाच म्हणतो की."

"तुम्ही तर फाटकावर सगळ्यांचीच नावं घेता, अम्म." हसली, पण खरं तेच होतं.

त्या चौथ्या वर्षाच्या थंडीत एक दिवस मी दुपारचं जेवत होतो. मसुराच्या सूपमध्ये रोटी बुडवून, मऊ करून, गिळत होतो. रदवानं पुस्तकातून डोकं वर केलं.

"अम्म, तोंड उघडा."

"आता? घास आहे तोंडात."

"गिळा आणि उघडा."

उघडलं. तिनं मोबाइलचा उजेड आत मारला. "हे तीनही काढावे लागतील."

"अगं, तेवढेच तर माझे सगेसोयरे उरलेत!"

"हलतायत सगळे. सगेसोयरे कसले, पाहुणे आहेत." मग पुस्तक मिटलं. "अम्म, मला पूर्ण कवळीची एक केस लागते. पेशंट आपला आपण आणायचा असतो. बाकीच्यांना घरातलंच कुणी म्हातारं मिळालं. माझं घर कुवेतला."

मी बायकोला विचारलं. इन्साफ म्हणाली, "घे बसवून. चाळीस वर्षं बडबडतोयस, आता निदान काय बोलतोस ते कळेल तरी."

असा मी रदवाचा पेशंट झालो. दात काढले, हिरड्या भरून येईपर्यंत थांबलो, आणि वसंतात दर रविवारी आणि बुधवारी कॉलेजच्या दवाखान्यात जाऊ लागलो. एका लांब खोलीत वीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी एक विद्यार्थी आणि पुढ्यात आ वासलेलं एक तोंड. तिथे गेल्यावर मला एक गोष्ट कळली. हॉलमध्ये जो डावा हात देवाची देणगी होता, तो इथे नुसती अडचण होता. हत्यारांचा ट्रे उजवीकडे, दिवा उजवीकडे, सगळी खुर्चीच उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली. रदवा उलट्या बाजूनं उभी राहायची आणि शेजारच्या मुलीला धक्का लागायचा.

"रदवा, तुझं कोपर!"

"माफ कर."

"पाचव्यांदा माफ करतेय!"

ही शेजारची म्हणजे नूरहान. गोल चेहऱ्याची, बोलघेवडी, मनाची चांगली. ओरडायची आणि लगेच स्वतःच हसायची.

माप घ्यायचं म्हणजे थंडगार लगदा भरलेला साचा तोंडात कोंबतात. मला उलटी येईल असं वाटायला लागलं. रदवा कानाशी म्हणाली, "नाकानं श्वास घ्या आणि उजव्या पायाचा अंगठा हलवा. फक्त अंगठ्याकडे लक्ष." मी बुटात अंगठा हलवत राहिलो. तिचा तोच हात मी हॉलमध्ये पाहिला होता, डोळा लवायच्या आत समोरच्याच्या छातीवर जाणारा. माझ्या तोंडात तो हात आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

दर पायरी झाली की डॉक्टर मुशीरा येऊन बघायच्या आणि कार्डावर सही करायच्या. उंच बाई, चष्मा दोरीला बांधलेला, सगळी पोरं टरकून. सह्या पाच लागायच्या. आमच्या तीन झाल्या होत्या. आणखीही झाल्या असत्या, पण दोन बुधवार रदवा कैरोच्या शिबिरात अडकली. दोन्ही वेळा मला फोन: "अम्म, चुकले. पुढच्या वेळी नक्की." म्हटलं, "पोरी, मी काय हाडं चघळायला बसलोय? सावकाश कर."

आणि मग तो रविवार उजाडला. रदवा दवाखान्यातून थेट माझ्या खोलीत आली होती. हातात पुठ्ठ्याची पेटी, पेटीत माझी मेणाची कवळी. मेणात दात रोवून झाले होते. बुधवारी तोंडात घालून बघायची, आणि त्यानंतरच्या रविवारी पक्की. मी ते दात बघत होतो, इतक्यात कॅप्टन वगीह धापा टाकत आले.

"रदवा! तयारीला लाग. कैरोच्या त्या मुलीचा घोटा मुरगळला. चौथी जागा तुझी. बुधवारी अल्जियर्स!"

आफ्रिकेची स्पर्धा. संघात तीन मुली आणि चौथी राखीव. सहा वर्षं ती या चौथ्या जागेच्या दारात उभी होती.

रदवा पेटीतल्या मेणाच्या दातांकडे बघत राहिली.

"अगं, बोल की!"

"हो, कॅप्टन."

"नुसतं हो? तोंडावर जरा आनंद तरी दाखव."

"दाखवते, कॅप्टन."

ते गेल्यावर ती खाली बसली. पेटीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "बुधवारी मी तिकडे असेन, अम्म. रविवारीही. त्यानंतर दवाखाना बंद, तो ऑक्टोबरला उघडेल. दोन सह्या राहिल्या की विषय गेला, आणि तो विषय गेला की वर्ष."

सोमवारी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. तिनं नको म्हटलं, तरी गेलो. केस माझ्या तोंडाची होती. डॉक्टर मुशीरांनी तलवारबाजी फेडरेशनचं पत्र नीट वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"हे पत्र मला कळतं, मुली. दातांना कळत नाही."

मी टोपी काढली. "डॉक्टरीणबाई, मी ऑक्टोबरपर्यंत थांबतो. मला काही घाई नाही."

"तुम्ही थांबाल, हाजी. तुमच्या हिरड्या थांबणार नाहीत. दात काढल्यावर त्या आक्रसत जातात. ऑक्टोबरात ही कवळी तुमच्या तोंडात खुळखुळेल." मग रदवाकडे वळून, पण आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकशेऐंशी मुलं आहेत माझ्याकडे. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न. तुला सूट दिली तर त्यांना काय सांगू? तू ठरव. तुझ्यासाठी मी ठरवणार नाही."

बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बाहेर व्हरांड्यात रदवानं कुवेतला फोन लावला. सोब्हीचा आवाज मास्तरांचा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मला सगळं ऐकू येत होतं.

"राखीव म्हणजे काय? बाकावर बसायचं. बाकावर बसण्यासाठी वर्ष घालवणार तू?"

"खेळायलाही मिळेल, बाबा. एकेरीत तरी मिळेलच."

"आणि मग?"

ती व्हरांड्याचा कठडा नखानं खरवडायला लागली.

"रदवा, मी इथून काय सांगू? दात आधी, तलवार नंतर, असं माझं मत. पण तू काय ठरवलंयस?"

"मला माहीत नाही."

"बरं, रडू नकोस. तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?"

"अम्म शहाता."

"कोण?"

"फाटकावरचे."

 मग सोब्ही म्हणाला, "त्यांना माझा सलाम सांग." आणि फोन तिच्या आईकडे दिला. आई बोलत नव्हती, नुसती रडत होती.

फोन ठेवून रदवानं तोंड धुतलं. परत आली ती सरळ दवाखान्यात नूरहानकडे गेली. मी मागोमाग. नूरहानचा पेशंट अर्ध्यातून उठून मुलीकडे असयूतला निघून गेला होता, आणि ती चार दिवस दुसरं बोळकं शोधत फिरत होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"नूरहान, हे घे." रदवानं पेटी पुढे केली. "मेणाची आहे, बुधवारी बघायची. वरच्या कवळीची मागची कड मी जरा पातळ ठेवलीय, त्यांना लवकर उमासा येतो. येईल असं वाटलं तर पायाचा अंगठा हलवायला सांग."

नूरहान बघतच राहिली. "आणि तू?"

"मी अल्जियर्सला."

मला राग आला. भर खोलीत बोललो, "मी काय बकरा आहे? या हातातून त्या हातात? मी नाही कुणाकडे जाणार. ऑक्टोबर तर ऑक्टोबर."

रदवा माझ्याकडे वळली. त्या दिवशी प्रथमच तिचा आवाज चढला. "पाच महिने सूप पिणार तुम्ही? माझ्या सह्यांसाठी? तोंड तुमचं आहे, अम्म, माझ्या परीक्षेचा कागद नाही." मग हळू म्हणाली, "माझं जायचं मी ठरवलंय. त्याची शिक्षा तुम्हाला कशाला?"

मी पेटी तिच्या हातातून घेतली आणि नूरहानच्या ट्रेवर ठेवली.

बुधवारी ती गेली. नूरहाननं मेणाची कवळी घालून पाहिली, डॉक्टर मुशीरांनी सही केली, नूरहानच्या नावानं. रविवारी पक्की बसवली. नूरहाननं काकडीचा तुकडा दिला आणि मी तो चावला. कचकन आवाज झाला. स्वतःच्या डोक्यात तो आवाज मी सात वर्षांनी ऐकला. आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही हसलो, इतके पांढरे दात दाखवत हसलो, की मला माझीच लाज वाटली.

एकेरीची लढत मी मोबाइलवर पाहिली होती, आधीच्या शुक्रवारी. चौदा-चौदा झाले होते. शेवटचा एक ठोका, तो जिच्या तलवारीचा ती जिंकणार. दोघी एकदम पुढे झाल्या आणि ठोका दाखवणारा दिवा समोरच्या मुलीच्या बाजूचा लागला. रदवानं मुखवटा काढला, हात मिळवला, आणि पाठीला जोडलेल्या तारेचं टोक सोडवत बसली. कुणी तिच्याजवळ आलं नाही. कॅप्टनना इथून जायला मिळालं नव्हतं, आणि संघाच्या प्रशिक्षकांची दुसरी मुलगी शेजारच्या पट्टीवर खेळत होती. सांघिकमध्ये उपांत्य फेरीत तिला एकदा उतरवलं, तीन ठोके दिले, दोन खाल्ले. अंतिम फेरीत ती बाकावर होती. दर ठोक्याला उभी राहून ओरडत होती. आपल्या मुली जिंकल्या. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा ती बाकावरून धावत पोचेपर्यंत तिघींचा घोळका घट्ट झाला होता. ती बाहेरून हात टाकून उभी राहिली.

मंगळवारी दुपारी चारला ती फाटकात आली. पाठीवर एक पिशवी, खांद्याला तलवारींची. कैरोच्या विमानतळावर बाकीच्यांच्या घरचे फुलं घेऊन आले होते म्हणे, ढोल होता. ही तिथून रेल्वे पकडून सिदी गाबरला उतरली आणि घरी न जाता क्लबात आली.

"घरी का नाही गेलीस?"

"घरी कोण आहे?" असं म्हणाली आणि खिशातून पदक काढून टेबलावर ठेवलं, जसं कुणी किल्ल्या ठेवतं. सोन्याचं होतं. मी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. चांगलं जड होतं.

"गळ्यात घाल ना!"

"गाडीत घातलं होतं थोडा वेळ. समोरच्या बाईनं विचारलं, शाळेत मिळालं का?"

इन्साफनं मुलूखियाची पातळ भाजी आणि भात दिला होता, दोघांपुरता. आम्ही जेवलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी बघतोय हे कळलं की नजर भाताकडे. शेवटी म्हणाली, "बघू?"

मी तोंड उघडलं. तिनं बोट घालून वरची कवळी दाबून पाहिली, डावीकडे, उजवीकडे. "चावा. आता तोंड मिटा. डावीकडे जरा उंच लागतेय का?"

"किंचित."

"नूरहानला सांगा, घासून देईल." बोट पुसलं. "काम चांगलं केलंय तिनं."

"मेणात तर तूच केलं होतंस."

"मेणात," ती म्हणाली, आणि ताटं उचलून धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिला तोच वर्ग, त्याच खुर्च्या, पण पोरं सगळी नवी. ती त्यांना 'ताई' झाली होती. तिनं कामगार वस्तीतला एक म्हातारा शोधला, पाच सह्या वेळेत घेतल्या, उत्तम गुण मिळवले. कैरोच्या मुलीचा घोटा मात्र बरा झाला होता. पुढच्या स्पर्धेला चौथी जागा पुन्हा तिची, आणि रदवा पाचवी.

त्या दोन वर्षांतला एकच दिवस माझ्या मनातून जात नाही. तिच्या जुन्या बॅचनं पदवीचा समारंभ आमच्याच क्लबाच्या बागेत ठेवला. पाहुण्यांची यादी माझ्या हातात. नाव बघायचं, खूण करायची, आत सोडायचं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुलंमुली काळे झगे घालून, आईबापांना घेऊन येऊ लागली. त्या गर्दीत रदवा आली, तलवारींची पिशवी घेऊन, सरावाला. रांगेत उभी राहिली. तिला रांगेची गरज नव्हती, खेळाडूंचं कार्ड होतं. पण रांग होती म्हणून उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मी खुळ्यासारखा यादी बघायला लागलो. तेरा वर्षं ओळखतो त्या पोरीचं नाव शोधत होतो.

"मी यादीत नाहीये, अम्म," ती म्हणाली.

मागून नूरहाननं पाहिलं, झगा सावरत धावत आली. "रदवा! अगं ये ना आमच्यात. फोटोला तरी!"

"आत्ता नको. कॅप्टन वाट बघतायत."

"पाच मिनिटं!"

"मुबारक, नूरहान. खरंच." दोघींनी गालाला गाल लावले, आणि रदवा तलावाच्या बाजूनं मागे निघून गेली. कॅप्टन त्या दिवशी तान्ताला लग्नाला गेले होते. हॉलची किल्ली तिनं माझ्याकडूनच मागून नेली होती. बागेत नावं पुकारत होते, टाळ्या पडत होत्या, बायका आनंदाचे चीत्कार काढत होत्या. मी एकदा मागे जाऊन आलो. चेंडूवर टोक आपटत होतं. मी आत गेलो नाही. जायला हवं होतं.

पाचव्या वर्षाच्या मध्यावर तिनं खेळ सोडला. सोडला असं कधी म्हणाली नाही. एका गुरुवारी गाडी पकडली नाही, मग पुढच्याही. कॅप्टननं विचारलं तर म्हणाली, "परीक्षा झाली की बघू." पास झाली. शिकाऊ डॉक्टरचं वर्ष संपलं, आणि सरकारनं तिला बहेरा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या दवाखान्यात नेमलं. आईबाप म्हणाले कुवेतला ये, ती म्हणाली आधी हे पूर्ण करते.

मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. गेल्या वेळी म्हटलं, "कसं चाललंय, डॉक्टरीणबाई?"

"बरं. खुर्ची मी फिरवून घेतली, अम्म. ट्रे आता डावीकडे आहे. इथे माझं कोपर कुणाला लागत नाही, कारण दुसरं कुणी नाहीच."

"आणि संध्याकाळी?"

"दोनला दवाखाना बंद होतो. वरच माझी खोली. गच्चीवर जाते, पाय हलवते. पुढे, मागे. तलवार नाही आणली." मग हसली. "पलीकडच्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालतात. परवा एकीनं विचारलं, हे काय करतेस गं, डॉक्टर? आता काय सांगणार? म्हटलं, गुडघ्यांचा व्यायाम. तर दुसऱ्या दिवशी ती तिचे गुडघे दाखवायला आली!"

"मग?"

"मग काय, बघितले. गरम रोटी घेऊन आली होती. बसली थोडा वेळ. तिचा नवरा समुद्रावर असतो, वर्षातून दोनदा येतो. मला म्हणाली, उद्या पण येऊ का? म्हटलं, ये."

मी विचारलं, आज आली का. पण तेवढ्यात तिच्याकडे खाली कुणी तरी दार वाजवलं, आणि रदवा म्हणाली, "अम्म, कुणाचा तरी दात ठणकतोय, ठेवते," आणि तिनं फोन ठेवला.